खेळातले दुकान नावावर करताना

'अल्टिमा ऑनलाइन' या खेळात एखादा खेळाडू आपले घर दुसऱ्याच्या नावावर करायला निघाला आणि त्या घरात त्याने नेमलेले विक्रेते अजून उभे असले, तर खेळ त्याला अडवतो. आत तुमचे विक्रेते आहेत तोवर हे घर देता येणार नाही, अशी सूचना पडद्यावर येते. हा खेळ अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने सप्टेंबर 1997 मध्ये आणला. त्यात हजारो माणसे एकाच वेळी एकाच कल्पित देशात वावरतात. कोणी तिथे लोहारकाम करतो, कोणी शिंपीकाम, कोणी जंगलात राक्षस मारत हिंडतो. मोकळी जागा मिळाली की घर बांधायचे, त्यात विक्रेता नेमायचा, त्याच्या पिशवीत माल ठेवून किमती लिहायच्या, अशी तिथली दुकानदारी. विक्रेता हे संगणकाने चालवलेले पात्र. खेळाडू झोपला असला तरी ते विक्री करते, जमलेल्या सोन्यातून आपला रोजचा पगार कापून घेते आणि पगाराला सोने उरले नाही की निघून जाते. असे दुकान दुसऱ्याला द्यायचे तर आधी माल काढून घ्यायचा, विक्रेत्यांना रजा द्यायची आणि मग घर नावावर करायचे. घेणाऱ्याच्या हाती भिंती, छप्पर आणि दारावरची पाटी येते. दुकान मात्र तोवर मोडलेले असते.

ही अडचण एका जुन्या खेळापुरती नाही. खेळाडूंनी चालवलेली दुकाने ज्या ज्या खेळांत वाढली, त्या बहुतेक ठिकाणी वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची सोय नीट झाली, पण चालते दुकान एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची सोय झाली नाही. दुकान म्हणजे जागा, माल, गल्ला, नाव आणि गिऱ्हाईक यांची मोट. ती मोट अख्खी हलवता येत नाही, म्हणून लोक तिचे तुकडे करून एकेक तुकडा हलवतात, आणि दोन तुकड्यांमधल्या वेळात जो आधी पैसे देतो किंवा आधी ताबा सोडतो तो फसू शकतो. माझे म्हणणे असे, की खेळातल्या दुकानदाराला त्या जगाचा मालक मानण्याची गरज नाही. पण चालता धंदा दुसऱ्याला देण्याचा त्याचा हक्क मात्र खेळ चालवणाऱ्या कंपन्यांनी मान्य करावा आणि त्या व्यवहाराची नोंद स्वतः ठेवावी. मालकी आणि नुसता वापर यांच्या मधला असा हक्क मुंबईच्या दुकानदाराला फार जुना ओळखीचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी हे स्पष्ट करायला हवे, की हा प्रश्न फावल्या वेळेतल्या करमणुकीपेक्षा मोठा आहे. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने 2001 मध्ये 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या नोराथ नावाच्या कल्पित देशाचा अभ्यास केला. खेळाडू तिथल्या वस्तू आणि पात्रे खऱ्या डॉलरमध्ये लिलावाने विकत होते. त्या भावांवरून त्याने हिशेब मांडला तेव्हा नोराथचे दरडोई उत्पन्न 2,266 डॉलर निघाले, म्हणजे त्या काळच्या रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कुठेतरी. हा अंदाज थोडा इकडेतिकडे धरला तरी त्यातून एक गोष्ट सुटत नाही : माणसाने वेळ घातला, कसब लावले आणि दुसऱ्याला ते हवेसे वाटले, की वस्तू कल्पित असली तरी किंमत खरी असते. स्वीडनमधल्या माइंडआर्क कंपनीच्या 'एन्ट्रोपिया युनिव्हर्स'मध्ये तर चलनच डॉलरला बांधलेले आहे, दहा पेड म्हणजे एक डॉलर. तिथे जॉन जेकब्स या खेळाडूने 2005 मध्ये एक लघुग्रह 1,00,000 डॉलरला घेतला, त्यावर क्लब आणि बाजार उभा केला आणि 2010 मध्ये तो तुकड्यातुकड्यांनी एकूण 6,35,000 डॉलरला विकला. लघुग्रहाचा खडक दोन्ही वेळा तोच होता. वाढलेली किंमत तिथे येणाऱ्या माणसांची होती.

दुकान हलवताना नेमके काय घडते हे बारकाईने पाहायचे तर 'सेकंड लाइफ'सारखे उदाहरण नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने हे जग जून 2003 मध्ये सर्वांसाठी उघडले. राक्षस मारणे, गुण मिळवणे असे इथे काही नाही. घरे, कपडे, केस, फर्निचर, चालण्याबसण्याच्या लकबीसुद्धा रहिवासीच घडवतात आणि एकमेकांना विकतात. पैसा म्हणजे लिंडन डॉलर. तो कंपनीच्याच बाजारात खऱ्या डॉलरमध्ये बदलता येतो. प्रत्येक वस्तूवर तिचा निर्माता तीन परवानग्या लिहून ठेवतो : पुढच्या मालकाला ती बदलता येईल का, तिची नक्कल काढता येईल का, ती दुसऱ्याला देता येईल का. नक्कल आणि हस्तांतर या दोहोंपैकी एक तरी मोकळे ठेवावेच लागते. व्यवहारात बहुतेक निर्माते नक्कल मोकळी ठेवतात आणि हस्तांतर बंद करतात. कारण उघड आहे : नक्कलही काढता आली आणि देताही आली, तर पहिलेच गिऱ्हाईक उद्या त्याच मालाचा घाऊक व्यापारी होईल. निर्मात्याच्या दृष्टीने हा नियम न्याय्य आहे. दुकान विकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्याचा परिणाम असा, की त्याने वर्षानुवर्षे पैसे मोजून सजवलेल्या दुकानातली कपाटे, दिवे, झाडे, कधी कधी दुकानाची इमारतसुद्धा त्याला कोणालाच देता येत नाही.

जागा विकताना वरच्या वस्तूंसह विकण्याची सोय तिथे आहे, पण तिच्यातून फक्त हस्तांतर मोकळे असलेल्या वस्तू जातात. बाकीच्या जुन्या मालकाच्याच राहतात. जागा विकायला काढताना ती कोणाला विकायची हे नाव घालून ठरवता येते. ते नाव घालायला विसरले आणि आपसात ठरले म्हणून किंमत नाममात्र लिहिली, तर वाटेवरचा कोणीही ती उचलू शकतो. 2006-07 च्या सुमारास अशा जागा हेरत फिरणारी स्वयंचलित पात्रेच लोकांनी सोडली होती. गल्ल्याची गोष्ट आणखी नाजूक आहे. विक्रीयंत्रातून आलेले पैसे त्या यंत्राच्या मालकाच्या खात्यात जातात, आणि यंत्राला कोणाचे पैसे परत करायचे किंवा भागीदाराला वाटा द्यायचा असेल, तर मालकाच्या खात्यातून पैसे काढण्याची मुभा मालकाने स्वतः द्यावी लागते. यंत्र नव्या मालकाकडे गेले की जुनी मुभा संपते. नव्याने परवानगी दिली नाही तर ते यंत्र उभे राहते पण पुरे काम करत नाही. ही व्यवस्था बरोबरच आहे, नाही तर जुन्या मालकाच्या खात्याला भोक पडेल. पण शेकडो यंत्रे असलेल्या दुकानात ही कामे एकेक करून करायची असतात, आणि ती पुरी होईपर्यंत अर्धा गल्ला जुन्याकडे आणि अर्धा नव्याकडे जात असतो.

खरी गाठ पुढे आहे. चांगल्या दुकानाचे गिऱ्हाईक एका गटात जमलेले असते. नव्या मालाची वर्दी, सवलती, तक्रारी सगळे त्या गटातून चालते. दुकान विकत घेणारा खरे तर हा गट विकत घेत असतो. गटात मालक ही पदवी एकाहून अधिक जणांना देता येते, आणि एका मालकाला दुसरा मालक काढून टाकू शकत नाही. त्याने स्वतःहून पद सोडावे लागते. म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याला मालक केले, पैसे घेतले आणि नंतर पद सोडलेच नाही, तर घेणाऱ्याच्या हाती काही उपाय उरत नाही. उलट विकणाऱ्याने आधी पद सोडले आणि पैसे आले नाहीत, तर तो बाहेर. संकेतस्थळावरच्या बाजारपेठेतले दुकान, तिथली यादी आणि गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय हे सगळे विकणाऱ्याच्या खात्याशी बांधलेले असते, आणि खाते दुसऱ्याला देणे कंपनीच्या लेखी संमतीशिवाय करारात बसत नाही. म्हणून काही जण सरळ पासवर्डच देऊन टाकतात. त्या क्षणी दोघेही नियमाबाहेर जातात, आणि उद्या जुन्या मालकाने आपल्या ईमेलवरून खाते परत मागितले, तर कंपनीच्या दप्तरी तोच खरा मालक ठरेल.

मालाचा प्रश्न तर प्रत्यक्ष जगातल्या कोणत्याही दुकानापेक्षा वेगळा आहे. किराणा दुकान विकले की तांदळाची पोती जातात. विकणाऱ्याकडे ती उरत नाहीत. 'सेकंड लाइफ'मधला कारागीर आपल्या खुर्चीचा मूळ नमुना सगळ्या परवानग्यांसह घेणाऱ्याला देतो, तरी त्याच्याकडे त्याची नक्कल राहतेच. तो महिन्याभराने दुसऱ्या नावाने तेच दुकान शेजारी मांडू शकतो. शिवाय प्रत्येक वस्तूवर निर्मात्याचे नाव कायमचे कोरलेले असते. मालक शंभरदा बदलला तरी ते बदलत नाही. त्यामुळे खुर्ची मोडली की गिऱ्हाईक संदेश पाठवते ते जुन्या कारागिराला. म्हणून जाणती माणसे अशा वेळी खेळाबाहेर कागद करतात : नमुन्यांवरचे हक्क दिले, नकला नष्ट केल्या, अमुक काळ असाच धंदा करणार नाही. हा कागद टिकेल का, हे दोघे कोणत्या देशात राहतात यावर अवलंबून. आणि बहुतेक वेळा दोघांनाही एकमेकांचे खरे नाव माहीत नसते.

आता मुंबईच्या त्या जुन्या हक्काकडे, म्हणजे रक्कम घेऊन भाडेहक्क दुसऱ्याला देण्याच्या पागडीकडे येऊ. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला आपला भाडेहक्क दुसऱ्याला द्यायला मनाई केली होती, आणि त्यापोटी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते. पण दुकानदाराचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याची जागा भाड्याची असली तरी गिऱ्हाईक त्याने जोडलेले असते. म्हणून 1948 मध्येच सरकारने अधिसूचना काढून एक अपवाद केला : चालता धंदा त्यातल्या मालासह आणि नावलौकिकासह विकला जात असेल, तर त्याच्याबरोबर जागेचा भाडेहक्कही जाऊ शकतो. बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. नुसती जागा देता येत नव्हती; धंदा अख्खा दिला तरच जागा त्याच्या मागोमाग जात होती. राहत्या खोल्यांच्या बाबतीत मात्र मनाई कागदावर राहिली आणि पागडी गिरगावापासून भायखळ्यापर्यंत उघडपणे चालू राहिली. मालमत्तेचा मालक संमती देताना आपला वाटा घेई, नवी भाडेपावती फाडून देई आणि व्यवहार पुरा होई. शेवटी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्याच्या 56 व्या कलमाने भाडेहक्क देताघेताना रक्कम घेणे कायदेशीर केले. पागडीवाला मालक झाला नाही. पण तो उद्या उठवता येणारा नुसता वापरकर्ताही नव्हता, आणि त्याच्या हातातल्या गोष्टीला किंमत होती. कायद्याने फार उशिरा का होईना ही वस्तुस्थिती मान्य केली.

खेळातला दुकानदार नेमका या जागी उभा आहे. 'सेकंड लाइफ'मधली पुष्कळ दुकाने तर थेट कंपनीच्या जागेवर नसून, मोठमोठे प्रदेश घेऊन ते लहान तुकड्यांत भाड्याने देणाऱ्या दुसऱ्या रहिवाशांच्या जागेवर असतात. आयलिन ग्रेफ ही बाई तिथे अँशी चुंग या नावाने असाच जमिनीचा व्यवसाय करून 2006 मध्ये जगभर प्रसिद्ध झाली. अशा जागेवरचे दुकान द्यायचे तर त्या जमीनदाराची संमती लागते, आणि जागा परत घेण्याचे बटण त्याच्या हाती असते. पागडीच्या व्यवहारातली तिन्ही माणसे इथे हजर आहेत : जागेचा धनी, जाणारा दुकानदार, येणारा दुकानदार. हजर नाही ती भाडेपावती.

यावर पहिला आक्षेप करारावर बोट ठेवतो. खेळात शिरताना प्रत्येकाने 'मान्य आहे' हे बटण दाबलेले असते. त्यात स्पष्ट लिहिलेले असते की सगळे कंपनीचे आहे, तुम्हाला फक्त वापराचा परवाना आहे. मग हक्क कसला? हा आक्षेप वजनदार आहे, पण कंपन्यांची स्वतःची वागणूक त्याच्या आड येते. लिंडन लॅबने सुरुवातीच्या वर्षांत जमिनीची मालकी हेच आपले आकर्षण म्हणून जाहीरपणे सांगितले. मार्क ब्रॅग या पेनसिल्व्हेनियातल्या वकिलाने 2006 मध्ये तिथे 300 डॉलरला एक जागा घेतली. लिलावातली पळवाट वापरून घेतली असे म्हणत कंपनीने त्याचे खाते गोठवले आणि त्याची उरलेली मालमत्ताही त्यात अडकली. तो न्यायालयात गेला. 30 मे 2007 च्या निकालात न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी वाद लवादाकडेच न्यावा हे करारातले कलम एकतर्फी आणि अन्यायकारक ठरवले, आणि मालकीच्या जाहीर आश्वासनांचीही दखल घेतली. पुढे तडजोड झाल्याने मूळ प्रश्नाचा निवाडा झाला नाही. पण इतके तर ठरले, की बटण दाबले म्हणून करारातली प्रत्येक ओळ न्यायालय डोळे मिटून मानत नाही. आणि मी मागतो आहे तो हक्क कराराच्या विरोधात नाही. करारात एक कलम वाढवून तो देता येतो. पागडीतही धन्याची संमती लागतेच. संमतीची रीत ठरलेली असावी, शुल्क ठरलेले असावे आणि सबळ कारणाशिवाय ती नाकारू नये, एवढेच.

दुसरा आक्षेप कंपनीच्या बाजूने येतो. असा हक्क मानला तर उद्या खेळाचा नियम बदलला किंवा खेळच बंद केला, की प्रत्येक दुकानदार भरपाई मागायला दारात उभा राहील. 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' या खेळात खेळाडूंनी गावे वसवली होती, त्यांची दुकाने हाच त्या जगाचा कणा होता. 15 डिसेंबर 2011 रोजी खेळ बंद झाला आणि ती गावे नाहीशी झाली. कोणत्याही कंपनीवर तोट्यातला खेळ चालवत राहण्याची सक्ती करता येणार नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच जगावरच्या मालकीची मागणी मी करत नाही. खेळ चालू आहे तोवर दुकान एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा हक्क, आणि बंद होण्याआधी पुरेशी पूर्वसूचना, यात कंपनीचा कारभार अडत नाही. पागडीच्या बाबतीत कोणी म्हणेल, की त्याच व्यवस्थेने मुंबईच्या इमारती मोडकळीला आणल्या. त्या मोडकळीला आल्या त्या मुख्यतः भाडे गोठवल्यामुळे. हक्क हस्तांतरित होतो म्हणून नव्हे. कंपनीने महिन्याचे शुल्क हवे तसे ठरवावे, त्याला या मागणीचा स्पर्श नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो खेळावर प्रेम करणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, पैशाचा व्यवहार पक्का झाला की खेळ खेळ राहत नाही. कसबाने मिळवायच्या गोष्टी श्रीमंत विकत घेतो. याला पुरावा आहे. ब्लिझार्ड कंपनीने 'डायब्लो 3' या खेळात 2012 मध्ये खऱ्या पैशांचा लिलावबाजार स्वतःच उघडला. शस्त्रे राक्षस मारून मिळवण्यापेक्षा बाजारातून आणणे सोपे झाले, खेळाचा गाभाच पोकळ झाला, आणि 18 मार्च 2014 रोजी कंपनीने तो बाजार बंद केला. निर्णय योग्य होता. पण तिथे विकली जात होती ती नशिबाने हाती लागलेली, कंपनीने घडवलेली शस्त्रे. दुकान तसे नशिबाने सापडत नाही. माल कोणता ठेवायचा, भाव काय लावायचा, तक्रारीला उत्तर कसे द्यायचे यातून ते उभे राहते. आणि जिथे दुकानदारी हाच खेळाचा भाग आहे, तिथे तयार दुकान दुसऱ्याला देणे हीही त्या खेळातलीच एक चाल आहे. त्यासाठी खरा पैसा मध्ये यायलाच हवा असेही नाही. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या 'इव्ह ऑनलाइन'मध्ये खऱ्या पैशांनी परस्पर विक्री करायला बंदी आहे. त्याच खेळात व्यापारी फसवणूक मात्र नियमात बसते. 2005 मध्ये एका टोळीने दुसऱ्या संघटनेत महिनोनमहिने विश्वास कमावून तिची कोठारे एका दिवसात रिकामी केली आणि कंपनीने हस्तक्षेप केला नाही. पण अख्खे पात्र दुसऱ्या खेळाडूला देण्याचा व्यवहार? तो खेळातल्याच चलनात, कंपनीने नेमून दिलेल्या जागी, ठरलेल्या रीतीने, शुल्क भरून होतो, आणि तिथे फसवणूक चालवून घेतली जात नाही. लबाडीला खेळाचा रंग मानणाऱ्या कंपनीलाही ही एक जागा राखावी लागली, कारण तिथला विश्वास गेला तर तो बाजार उभाच राहत नाही. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार नाही.

काळा पैसा आणि चोरी यांची भीती चौथी. ती खरी आहे, पण तिचा रोख उलट्या दिशेला असायला हवा. पासवर्ड देऊन, तिऱ्हाइताच्या खात्यातून पैसे फिरवून होणारा व्यवहार कोणालाच दिसत नाही. कंपनीच्या दप्तरी नोंदलेला व्यवहार दिसतो. लिंडन डॉलर बाहेर काढताना ओळख पटवण्याची व्यवस्था 2019 पासून कडक झालीच आहे. तीच ओळख दुकान देताघेताना वापरता येईल. खेडेगावातला शेतकरीही जाणतो, की खरेदीखत झाले तरी फेरफार नोंदला जाऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत जीव खाली पडत नाही. 'अल्टिमा ऑनलाइन'ने हे अनुभवातून शिकून घेतले. सुरुवातीला तिथे किल्ली हाती तो घराचा धनी असा प्रकार होता. किल्ली चोरली की घर लुटले गेलेच. पुढे घराची मालकी पाटीवर आणि खात्यावर नोंदवली जाऊ लागली, घर देताना दोघांनी एकाच खिडकीत समोरासमोर मान्यता देण्याची पद्धत आली, आणि किल्लीचोरांचा धंदा बसला. घरासाठी जे झाले ते दुकानासाठी करायचे आहे.

न्यायालये आणि कायदेमंडळे या दिशेने सावकाश सरकत आहेत. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2012 रोजी 'रूनस्केप' या खेळातला ताईत आणि मुखवटा एका मुलाकडून मारहाण करून काढून घेणे ही चोरीच आहे, असा निकाल दिला. वस्तू हाताला लागत नसली तरी तिच्यावर त्या मुलाचा ताबा होता आणि तो हिरावला गेला, हे पुरेसे ठरले. चीनच्या 2021 पासून लागू झालेल्या नागरी संहितेच्या 127 व्या कलमात जाळ्यावरच्या आभासी मालमत्तेचा नावानिशी उल्लेख आला. भारतात 2022 पासून क्रिप्टोसारख्या आभासी मत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, आणि 2025 च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली. एक कायदा कराचा, दुसरा बंदीचा. पुण्यात किंवा नाशकात बसून एखादी मुलगी अशा जगात कपडे घडवून विकत असेल, तर तिचे दुकान तिला दुसरीला कसे देता येईल, याचा विचार दोहोंतही नाही.

आणि दुकान नेहमी विकलेच जाते असे नाही. दुकानदार आजारी पडतो, कंटाळतो, मरतो. मागे राहिलेल्या भागीदाराला किंवा नवऱ्याला त्या खात्याचा पासवर्ड ठाऊक नसतो, गिऱ्हाईक विचारत राहते, जागेचे शुल्क थकते आणि एक दिवस सगळा माल उचलून जुन्या मालकाच्या कधीच न उघडणाऱ्या खात्यात परत पाठवला जातो. आठ-दहा वर्षांच्या कामाचा हा शेवट टाळणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ज्या कंपन्या प्रत्येक खुर्चीवर निर्मात्याचे नाव, मालकाचे नाव आणि तीन परवानग्या लिहून ठेवू शकतात, त्या दुकान नावाची एक वस्तू ओळखू शकतात : तिच्यात जागा, यंत्रे, गट, यादी आणि अभिप्राय एकत्र बांधलेले; तिच्यावर वारसाचे नाव लिहिण्याची जागा; दोघांच्या मान्यतेने एकाच वेळी सगळे हलवणारी एक खिडकी; आणि जुना मालक कोण होता, नवा केव्हापासून आला, हे गिऱ्हाइकाला दिसेल अशी नोंद. दुसऱ्या निर्मात्याच्या ज्या वस्तू देता येत नाहीत त्यांची यादी व्यवहाराआधी दोघांसमोर यावी, म्हणजे भावही त्याप्रमाणे ठरेल.

ही सोय होईपर्यंत असा व्यवहार करणाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. पासवर्ड देऊ नये, घेऊही नये. जागा विकायला काढताना घेणाऱ्याचे नाव घातल्याशिवाय किंमत लिहू नये. नमुन्यांच्या हक्कांचा कागद खऱ्या नावांनी करावा. आणि घेणाऱ्याने रकमेचा शेवटचा हप्ता, जुना मालक गिऱ्हाइकांच्या गटातले आपले पद स्वतःहून सोडेपर्यंत हातचा सोडू नये.